उतरायचे कोठे?

मुंबईला जायचे ठरले म्हणजे आमच्या गावात पहिला प्रश्न निघतो तो कामाचा नव्हे, पैशाचाही नव्हे. "उतरणार कुठे?" असे विचारतात. बोटीतून उतरावे, गाडीतून उतरावे, तसे माणसाने कोणाच्या तरी घरी उतरावे, अशी आपल्या भाषेची समजूत आहे. उतरणे निराळे, मुक्काम करणे निराळे आणि बिऱ्हाड करणे तर त्याहून निराळे. अमका लॉजवर उतरला असे कळले तर ऐकणाऱ्याच्या तोंडावर थोडी कीव उमटते. या गृहस्थाला मुंबईत कोणीच नाही असा तिचा अर्थ. मग सल्ले सुरू होतात. दादरला उतरा, तेथे दोन्ही रेल्वे सापडतात. गिरगावात उतरा, जेवणाखाण्याचे हाल होत नाहीत. लालबागला आपल्या गावची खोली आहे, तेथे वळकटी टाका आणि पडा. प्रत्येकाची मुंबई त्याच्या सल्ल्यात असते, आणि सल्ला देणारा स्वतः जेथे उतरला होता त्यापलीकडे ती सहसा जात नाही.

हाच प्रश्न यंदा मी पुस्तकांना विचारून पाहिला. 'महानगरीय साहित्य' हा शब्द आपल्या समीक्षेत आता इतका रुळला आहे की तो उच्चारताना कोणी अडखळत नाही. परिसंवादात वक्ता उभा राहतो, मर्ढेकरांपासून सुरुवात करतो, यंत्रयुग, गर्दी, तुटलेपण, एकाकीपण हे शब्द ओळीने घेतो आणि टाळ्यांत खाली बसतो. ही मुंबई कोणती, हे विचारण्याची रीत नाही. मी समीक्षक नव्हे. मॅट्रिक झालो, चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि शाळेत लागलो. चार कादंबऱ्या लिहिल्या त्या शाळा सुटल्यावर. मुलांना यथार्थदर्शन शिकवताना मी प्रथम विचारतो, "तू उभा कोठे आहेस?" डोळ्याची पातळी ठरल्यावाचून क्षितिजरेषा काढता येत नाही, आणि क्षितिजरेषेवाचून काढलेला रस्ता जमिनीवर पडत नाही, शिडीसारखा कागदावर उभा राहतो. मुंबईवरच्या कित्येक कादंबऱ्यांतले रस्ते मला असे शिडीसारखे उभे दिसतात. तेव्हा माझी कसोटी गावंढळ आहे, ती आधीच सांगून टाकतो. या पुस्तकातला माणूस पहिल्या रात्री कोठे उतरला? दार कोणी उघडले, आणि कोणत्या नात्यावर उघडले? सकाळी त्याने आंघोळ कोठे केली?

प्रथम सर्वांच्या आवडीचे पुस्तक घेऊ. 'बटाट्याची चाळ' (1958). साठ बिऱ्हाडांच्या या चाळीत कोणी उतरत नाही. सगळे आधीच राहायला आलेले आहेत. पुस्तक उघडावे तेव्हा भांडण चालू असते, गाणे चालू असते, कोणाचा तरी उपास चालू असतो. पाहुण्याला शिरायला जागाच नाही, आणि वाचकाला जी मजा येते ती या गच्च भरलेपणाची. पण आपण या पुस्तकाला 'चाळसंस्कृतीचे' पुस्तक म्हणतो, ते मला पटत नाही. ती एका जातीच्या चाळीची संस्कृती आहे. नवरा कचेरीत, बायको ओट्याशी, मुले शाळेत, आणि रविवारी गच्चीवर सभा. लालबाग-परळच्या चाळीतला गाळा तिच्यात बसत नाही. तेथे एका खोलीत एका गावचे पुरुष राहत. खोली गावच्या मंडळाच्या नावे किंवा एखाद्या जुन्या गावकऱ्याच्या नावे. प्रत्येकाला भिंतीशी पेटीपुरती आणि निजताना पाठीपुरती जागा. एक पाळीवर गेला की दुसरा त्याच जागी अंग टाकी. बायकामुले गावी. जेवण खानावळवाल्या बाईकडे, महिन्याच्या हिशेबाने. या माणसांना 'बिऱ्हाड' हा शब्दच लागू होत नाही. दोन्ही ठिकाणांना आपण चाळ म्हणतो, कारण दोन्हींना लाकडी जिना आणि कठडा आहे!

यात पु. लं.कडे दोष जात नाही. त्यांनी कधी सगळ्या मुंबईचा दावा केला नाही. गंमत अशी की त्यांचे लहानपण बहुतेक जोगेश्वरीला आणि पार्ल्याला, म्हणजे उपनगरात गेले. तेव्हा जो तेथे राहिला त्यानेच तेथले लिहावे, असा नियम करू गेलो तर आपले सर्वांत लाडके चाळीचे पुस्तक पहिल्याच फटक्यात बाद होईल. मला तो नियम नको आहे. पाहुण्यानेही लिहावे, पण आपण पाहुणे आहोत हे पुस्तकाला ठाऊक असावे. पु. लं.च्या पुस्तकाला ते ठाऊक आहे. शेवटच्या 'एक चिंतन'मध्ये सूर एकदम खाली येतो, आणि आपण इतका वेळ जिन्यात उभे राहून हसत होतो, आत कोणाच्या घरी बसलो नव्हतो, असे वाटून जाते.

या नियमाबद्दल मी इतका हळवा का, ते सांगितले पाहिजे. माझी तिसरी कादंबरी लालबागची आहे. 1982 च्या 18 जानेवारीला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख माणसे बाहेर राहिली. आमच्या गावातली निम्मी घरे त्या संपाने परत आणली. ती परत आलेली माणसे मी लहानपणी पाहिली होती. तेव्हा विषय माझा होता, असे मी समजत होतो. 2008 च्या उन्हाळ्याच्या सुटीत 'अभ्यासासाठी' पंधरा दिवस मुंबईला गेलो. उतरलो दादरला, आईच्या मावसभावाकडे. घर हवेशीर, मामी सुगरण. रोज सकाळी निघायला लागलो की त्या म्हणत, "उन्हाचे कुठे उपाशी हिंडता, जेवून जा." जेवल्यावर, अर्थात, थोडे पडून जा. मी लालबागला पोचे तो तीनच्या सुमारास. जुन्या खोल्यांपैकी एकदोन अजून होत्या. तेथले म्हातारे मला चहा पाजत आणि मी विचारीन ते सांगत. वह्या भरल्या. कादंबरी निघाली. दोनतीन ठिकाणी बरे परीक्षणही आले. एका परीक्षणकर्त्याने 'गिरणगावाचा श्वास' असे शब्द वापरले, ते मी कापून ठेवले होते.

सहा महिन्यांनी एक पत्र आले. लिहिणारे निवृत्त गिरणी कामगार, वय सत्तरीच्या पुढचे, अक्षर सुवाच्य. आरंभी माझे कौतुक होते. मग त्यांनी लिहिले होते, "गुरुजी, तुम्ही आमच्याकडे दुपारचे येत असणार." पुढे तीनच गोष्टी. माझा नायक गाळ्यात आपल्या खाटेवर सकाळी उशिरा उठतो. गाळ्यात खाट नसे, आणि उशिरा उठणाऱ्याला रात्रपाळीवरून आलेला उठवी, कारण ती जागा आता त्याची. दुसरी, माझा नायक खानावळीत जाऊन आज काय खावे याचा विचार करतो. बाईने रांधले ते ताटात येई. विचार करायचा तो तिचे मागच्या महिन्याचे पैसे कसे द्यायचे याचा, आणि संपात तर फक्त त्याचाच. तिसरी गोष्ट मला सर्वांत लागली. माझ्या नायकाला पोलीस विचारतो, "कुठला रे तू?" आणि तो "लालबागचा" म्हणतो. पत्रलेखकाने लिहिले होते, "आमच्यातला कोणीही आधी गावाचे नाव सांगेल, मग तालुका. लालबाग आम्ही कधी आपले म्हटले नाही. ते बाहेरचे म्हणतात."

आठ दिवस मी मनातल्या मनात त्यांच्याशी वाद घातला. कलाकृतीचे सत्य आणि तपशिलाचे सत्य यांवर एक व्याख्यानच तयार केले. पण खाटेचा प्रश्न तपशिलाचा नव्हता. ती खाट दादरच्या माझ्या खोलीतली होती. मी जेथे निजत होतो ती जागा मी माझ्या नायकाच्या अंगाखाली सरकवून दिली, आणि त्यामुळे माझ्या कादंबरीतला संप हा एका खोलीवाल्याचा संप झाला. ज्याची निजायची जागाच दुसऱ्याच्या पाळीवर अवलंबून आहे, त्याच्या सगळ्याच पाळ्या एकदम बंद झाल्या म्हणजे काय होते? सगळे एकाच वेळी घरी, आणि घर तर तिसऱ्या हिश्शाच्या माणसांपुरते! संपाच्या पहिल्याच रात्री निजायचे कोठे, येथूनच ती कादंबरी सुरू व्हायला हवी होती. ती मला दिसली नाही. दुसरी आवृत्ती निघाली नाही म्हणून दुरुस्तीचा प्रसंगही आला नाही.

ते पत्र आल्यापासून मी मुंबईची पुस्तके निराळ्या नजरेने वाचू लागलो. जयवंत दळवींची 'चक्र' (1963) आणि मधु मंगेश कर्णिकांची 'माहीमची खाडी' (1969) या दोन कादंबऱ्यांची नावे आपण नेहमी जोडीने घेतो, दोन्हींत झोपडपट्टी आहे म्हणून. माझ्या कसोटीवर त्या वेगळ्या पडतात. 'माहीमची खाडी'त कळवळा आहे, खरा आहे. पण वाचताना मला सारखे वाटत राहते की निवेदक रस्त्याच्या कडेला उभा राहून खाली पाहत आहे, आणि नाकाला रुमाल लावायचा नाही असे त्याने निश्चयाने ठरविले आहे. 'चक्र'मध्ये असा निश्चय जाणवत नाही. अम्मा, बेनवा, लुका यांना कोठे उतरलात असे विचारण्याची सोयच नाही. उतरायला आधी कोणाचे तरी घर असावे लागते. यांनी पत्रा, बांबू, फडके मिळवून ते उभे केले, आणि कोणीही येऊन ते पाडू शकतो हे त्यांना पक्के माहीत आहे. दळवी त्यांची बाजू मांडीत बसत नाहीत; त्यांची भूक, वासना, चोरटेपणा सगळे तसेच ठेवतात. त्यामुळे ती माणसे आपल्या दयेची वाट पाहत नाहीत.

आता ज्या कथेमुळे माझी कसोटी मलाच अपुरी वाटू लागली तिच्याकडे येतो. बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती'. संग्रह 1963 चा, म्हणजे 'चक्र'च्याच वर्षाचा. निवेदक रेल्वेत नोकरी लागली म्हणून सुरतेजवळ उधन्याला येतो. नव्या गावात नवा माणूस; खोली पाहिजे. सोबतीचा कामगार मोठ्या आपुलकीने खोलीचे विचारतो आणि त्याच दमात जात विचारतो. मी 'उतरणार कुठे?' या प्रश्नाला आतापर्यंत आतिथ्याचा प्रश्न समजत होतो. बागूल दाखवतात की त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे, 'तू कोण?' आणि त्याचे उत्तर दिल्याखेरीज कोठलेही दार उघडत नाही. निवेदक जात सांगत नाही. तो आपण मुंबईचे आहोत असे ताठ्याने सांगतो. मुंबई हीच जणू आपली जात! समोरचा त्या ताठ्यावरून आपल्याला हवा तो अर्थ घेतो आणि त्या गैरसमजाच्या छपराखाली निवेदक राहू लागतो. पुढे काय होते ते ज्यांनी वाचले आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी वाचले नाही त्यांनी वाचावेच.

ही कथा वाचताना डॉ. आंबेडकरांच्या आत्मकथनपर टिपणातला बडोद्याचा प्रसंग आठवल्यावाचून राहत नाही. परदेशात शिकून आलेला विद्वान बडोदे संस्थानच्या नोकरीसाठी येतो आणि त्याला उतरायला जागा मिळत नाही. पारशी नाव सांगून एका पारशी विश्रांतिगृहात तो राहतो. एके दिवशी काठ्या घेतलेली माणसे जिना चढून येतात आणि त्याला संध्याकाळच्या आत जागा सोडायला लावतात. गाडी रात्रीची, म्हणून मधला वेळ तो कामाठीबागेत बसून काढतो. कोठे उतरावे, हवेशीर कोठे, स्टेशन जवळ कोठले, हे सगळे सल्ले ज्यांना दार उघडेच आहे त्यांच्यासाठी असतात, हे मला माझ्या वयाच्या चाळिशीत दोन पुस्तकांनी शिकवले. आमच्या गावची लालबागची ती खोली! 'आपल्या गावची' म्हणून मी वर मोठ्या प्रेमाने उल्लेख केला. गावातल्या सगळ्यांची ती नव्हती. आमच्या बौद्धवाडीतली माणसे कोठे उतरत होती हे मी कधी विचारले नव्हते. त्यांची खोली नायगावला बी. डी. डी. चाळीत होती, असे नंतर विचारल्यावर कळले. माझ्या कादंबरीत तिचा उल्लेख नाही. पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांनीही तो दोष दाखविला नव्हता.

दया पवारांच्या 'बलुतं'मधला (1978) नागपाड्याचा कावाखाना या संदर्भात पुन्हा वाचावा. समीक्षकांनी गाव आणि शहर अशी दोन टोके करून ठेवली आहेत. पवारांच्या पुस्तकात अशी टोके नाहीत. अकोले तालुक्यातले धामणगाव आणि कावाखाना या एकाच घराच्या दोन खोल्या आहेत, मध्ये रेल्वे आहे एवढेच. गावातले नाते कावाखान्यात दार उघडते आणि गावातली जात तेथेही पाठीशी येऊन उभी राहते. आणि नारायण सुर्वे तर कोठे उतरलेच नाहीत. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराला ते तान्हेपणी रस्त्यावर सापडले. शहराने त्यांना थेट पदरातच घेतले. 'माझे विद्यापीठ'मधली (1966) मुंबई पाहुण्याची नाही आणि यजमानाचीही नाही, याचे कारण मला तेथे दिसते.

पाहुण्याने कसे वागावे याचा मला माहीत असलेला उत्तम नमुना मात्र कादंबरीत नाही, एका प्रस्तावनेत आहे. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ला (1972) विजय तेंडुलकरांनी लिहिलेली ती. तेंडुलकर तोवर मोठे नाटककार झालेले होते. रसग्रहणाचे चार परिच्छेद लिहून ते मोकळे होऊ शकले असते. त्यांनी तसे केले नाही. हे जग आपल्याला ठाऊक नाही, या कवितेतले शब्द आपल्याला समजत नाहीत, हे त्यांनी आधी मान्य केले आणि कवीलाच त्यांचे अर्थ विचारले. आपल्याकडे समीक्षक अर्थ सांगतो, विचारीत नाही! प्रस्तावनाकार त्या वस्तीत कवीचे बोट धरून शिरतो आणि ते बोट सोडल्याचे ढोंग करीत नाही. माझ्या तिसऱ्या कादंबरीच्या आधी मी ही प्रस्तावना नीट वाचली असती तर दादरच्या जेवणानंतरची माझी झोप थोडी कमी झाली असती.

जयंत पवारांच्या 'अधांतर'बद्दल (1997) थोडेच लिहितो, कारण नाटक पाहण्याचा योग आला नाही, फक्त वाचले आहे. संपानंतरचे एक कामगार कुटुंब, धुरींचे, आणि एक खोली. तेथे आता गावचा कोणी उतरायला येत नाही. जे आत आहेत त्यांनाच एकमेकांची अडगळ झाली आहे. घरातला एक मुलगा लेखक होऊ पाहतो. पवारांनी लेखकालाच त्या खोलीत निजायला लावले, हे मला फार आवडले. पण मनात एक शंका राहते. गिरणगावावरचे आपले चांगले लेखन गिरण्या बंद पडल्यावरच जास्त का निघाले? दार उघडे होते तेव्हा आपण सारे लेखक दादरला जेवत होतो काय?

आणि आता तर दारेच हलली. लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या जागी मॉल उभा राहिला त्याला बराच काळ लोटला. दादरचे माझे मामा वारले, घर मुलांनी विकले, त्यांतला एक डोंबिवलीला आणि एक पुण्याला. गावातून मुंबईला जाणारा माणूस आज 'मुंबईला उतरतो' असे आपण सवयीने म्हणतो. प्रत्यक्षात तो विरारला, बदलापूरला, कळव्याला, पनवेलला उतरतो आणि तेथून दीड तास उभा राहून मुंबई पाहायला जातो. मराठी कादंबरी अजून तेथे फारशी उतरलेली नाही. जी थोडी पुस्तके माझ्या हाती आली त्यांत विरार ही एक थकवा आणणारी गाडी आहे, गाव नाही. नायक गाडीत चढतो, लोंबकळतो, एकाकीपणाचे चिंतन करतो. रात्री घरी गेल्यावर दार कोण उघडते, पाणी किती वाजता येते, सोसायटीच्या बैठकीत कोण कोणाला जातीवरून टोचते, गावचा पाहुणा आला तर हॉलमध्ये निजवायचे तर टी. व्ही. किती वाजता बंद करायचा, यांतले काही नाही. म्हणजे माझीच चूक, फक्त उलट दिशेने. मी दुपारचा लालबागला जात होतो, हे लेखक रात्रीचे विरारहून निसटतात.

मला वाटते, कोणी तरी आता एका अशा दाराशी बसून सबंध वर्ष काढले पाहिजे. ते माझ्याकडून होईल असे नाही. शाळा आहे, आणि माझे वय आता जिन्याने पाचवा मजला चढण्याचे राहिले नाही. तरी या सुटीत जाणार आहे. भाचा नालासोपाऱ्याला राहतो. त्याला फोन करून येतो म्हटले, तर तो म्हणाला, "मामा, या ना. पण पहाटेच्या गाडीने येऊ नका. मी रात्रपाळीहून आठला येतो आणि सकाळी ती जागा मला लागते."